पेल्याच्या तळाशी एक चेरी

कांदेपोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरलेली नसली तर पोटात जाणाऱ्या पोह्यांना त्याचं काही वाटत नाही. पण मुलगी बघायला आलेल्या मंडळींपुढे तशी बोडकी बशी ठेवून पाहा. स्थळ हातचं जाईल. त्या शेवटच्या चिमटीवरून घरातल्या माणसांचं लक्ष कुठं आहे ते कळतं, असं आमची आजी म्हणायची. साहेबाच्या कॉकटेलमध्ये ती चिमूट म्हणजे चेरी. राय व्हिस्की, गोड व्हरमूथ, बिटर्सचे एकदोन थेंब आणि तळाशी एक चेरी, की झालं मॅनहटन तयार. चेरी नसली तर या पेयाचं फारसं बिघडत नाही. वाईट चेरी पडली तर मात्र वरची सगळी महागडी मंडळी लाजेनं तांबडी होतात. अक्षरशः तांबडी, कारण चेरीचा रंग सुटतो.

आता आमच्यासारख्या, चहात आलं किती किसावं यापलीकडे पेयविषयक मतं नसलेल्या माणसानं या भानगडीत का पडावं? तर आमचा एक भाचा. पस्तिशी उलटलेला, चांगल्या पगाराचा, आणि त्यानं घरातच बार मांडलाय. जिथं त्याच्या आजोबांच्या पोथ्यांचं फडताळ होतं तिथंच. सगळं कायदेशीर आहे हो. आपल्याकडचा १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून हयात आहे. बाटली बाळगायची आणि प्यायची तर कागदोपत्री परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आशावादी लोकांसाठी जन्मभराचाही मिळतो. भाच्यानं जन्मभराचा काढलाय. एका शनिवारी त्यानं मित्रांना बोलावलं आणि मला फोन केला, "मामा, बाकी सगळं मी बघतो. तुम्ही येताना फक्त चेरी आणा. चांगल्या आणा हं."

घोटाळा झाला तो त्या 'चांगल्या' शब्दानं. चांगली मेथी मला कळते. चांगली सुरमई मला कळत नाही, पण आमच्या सौभाग्यवतींना कळते. चांगली चेरी म्हणजे काय, हे सांगणारं आमच्या घराण्यात कोणी नव्हतं. तेव्हा उत्तर शोधायला निघालो तो थेट एड्रियाटिक समुद्राच्या काठी जाऊन पोचलो. पुस्तकांतून हो, प्रत्यक्षात डेक्कन जिमखान्याच्या पुढे गेलो नव्हतो.

या समुद्राच्या पूर्वकाठाला डाल्मेशिया म्हणतात. आज तो भाग क्रोएशियात आहे. तिथं झादर नावाचं बंदर आहे. इटालियन लोक त्याला झारा म्हणत. या गावावर व्हेनिसनं राज्य केलं, मग ऑस्ट्रियानं केलं, पहिल्या महायुद्धानंतर इटलीनं केलं, नंतर युगोस्लाव्हियानं. राज्यकर्ते बदलले तरी डोंगरउतारावरची चेरीची झाडं तीच राहिली. ही चेरी लहान, काळसर आणि चांगलीच आंबट-कडू. इटालियनमध्ये 'अमारो' म्हणजे कडू. त्यावरून तिचं नाव पडलं मरास्का. तोंडात टाकून मिटक्या माराव्यात असं हे फळ नव्हे. पण आपल्याकडे कैरीचं जे लोणच्यात होतं ते या मरास्काचं मद्यात होतं. झादरच्या डॉमिनिकन मठातले साधू सोळाव्या शतकात तिचं औषधी मद्य करीत असत असं सांगतात. साधूंच्या हातची बरीच औषधं चवीला बरी असतात, हा सार्वदेशिक अनुभव आहे.

त्याचा मोठा व्यापार अठराव्या शतकात सुरू झाला. १७५९ साली फ्रांचेस्को द्रिओलीनं कारखाना काढला आणि १८२१ साली जिरोलामो लुक्सार्दोनं. हे लुक्सार्दो मूळचे जेनोआकडचे, सार्डिनियाच्या राज्याचे वकील म्हणून झादरला आलेले. मद्य खरं तर करायची त्यांची बायको मारिया कानेव्हारी. घरी करायची, आल्यागेल्याला द्यायची आणि पाहुणे वाहवा करायचे. आपल्याकडे अशा बाईच्या लिंबाच्या लोणच्याचं कौतुक होतं आणि ते पुढच्या पंगतीपर्यंत टिकतं. लुक्सार्दोंनी मात्र कारखाना टाकला, आणि १८२९ साली ऑस्ट्रियाच्या बादशहाकडून खास हक्कही मिळवला. बाटलीवर आडनाव अर्थात नवऱ्याचं.

या मद्याचं नाव मरास्कीनो. फळं, आतल्या बिया, पानं, कोवळी देठं असं सगळं भिजत घालतात, तांब्याच्या भांड्यात गाळतात आणि अ‍ॅशच्या लाकडाच्या पिंपात मुरवतात. ते लाकूड रंग सोडत नाही. म्हणून हे मद्य कसं दिसतं? पाण्यासारखं! पांढरं स्वच्छ. ज्या नावानं आज जगातली सगळ्यात तांबडी वस्तू विकली जाते, ते नाव मुळात एका बिनरंगाच्या बाटलीचं आहे. त्याला बदामासारखा एक वास असतो, तो चेरीच्या बियांमधून आलेला. कडू बदाम आणि चेरीची बी यांचं वासाच्या बाबतीत सख्खं नातं आहे. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिकडची माणसं याच मद्यात मरास्का चेऱ्या मुरवून ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बोटीनं अमेरिकेला जाऊ लागल्या आणि तिथल्या मोठ्या हॉटेलांतल्या पेल्यांत पडू लागल्या. गोडसर, उग्र पेयाच्या तळाशी एक आंबट, किंचित कडू, मद्यात भिजलेलं फळ. सगळं पिऊन झाल्यावर ते खायचं. पानाच्या शेवटी ताक घेतल्यासारखं. कल्पना खरोखर रसिक माणसाची आहे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. खपाला लागलेल्या मालाची नक्कल निघाली. मरास्का महाग, मद्य महाग, बोटीचं भाडं वेगळं. १८९६च्या सुमारास अमेरिकेतल्या कारखानदारांनी घरच्याच गोड चेऱ्या घेऊन प्रयोग सुरू केले. मद्य थोडं कमी केलं, बदामाचं तेल थोडं घातलं. पुढल्या दहा-बारा वर्षांत मद्य पार गेलं. गवळ्याच्या दुधात पाणी वाढतं तशी ही प्रगती झाली. नाव मात्र तेच, फक्त उच्चार बदलला. इटालियन माणूस 'मरास्कीनो' म्हणतो, अमेरिकन माणूस 'मॅराशिनो'. वाचकांच्या सोयीसाठी मीही यापुढे तोच भेद पाळतो. अस्सल ती मरास्कीनो आणि रंगवलेली ती मॅराशिनो.

ज्या चेरीवर हे प्रयोग झाले तिचीही एक कथा आहे. ती फिकट पिवळी, गुलाबी गालांची. युरोपात तिला नेपोलियन म्हणत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाता जाता तिची चिठ्ठी हरवली म्हणे, आणि तिथल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं रॉयल अ‍ॅन. निघताना बादशहा, पोचल्यावर राणी! स्वतःचंच नाव ज्या फळाला टिकवता आलं नाही त्यानं दुसऱ्याचं नाव लावून घेतलं, यात मला फारसं नवल वाटत नाही.

अमेरिकन सरकारला मात्र वाटलं. १९०६ साली तिथं शुद्ध अन्नाचा कायदा झाला होता. त्याखाली १९१२ साली कृषी खात्यानं निर्णय दिला की मरास्कीनो चेरी म्हणजे मरास्का जातीची आणि मरास्कीनो मद्यात मुरवलेली चेरी. बाकी सगळ्यांनी डब्यावर 'नकली' असं लिहावं. कसा बाणेदार निर्णय! वाचताना मला रामशास्त्री आठवले. पण पुढे काही वर्षांनी त्याच सरकारनं व्याख्या फिरवली. चेरी तांबडी रंगवलेली असावी, साखर मुरवलेली असावी आणि कडू बदामाच्या किंवा तशाच वासाच्या पाकात असावी, की झाली ती मॅराशिनो. हेच तिचं रूढ नाव. नक्कल इतकी वर्षं आणि इतकी मनापासून चालली की सरकारनं तिला दत्तक घेतलं. बदामाचा वास मात्र टिकला. बी गेली, मद्य गेलं, पण पूर्वजांचा तेवढा एक वास वारसांनी बाटलीतून विकत आणून का होईना, राखला.

या सगळ्याचं खापर अमेरिकेतल्या दारूबंदीवर फोडायची पद्धत आहे. १९२० ते १९३३ दारूबंदी होती, म्हणून चेरीतली दारू गेली, असं पुष्कळ जण ठोकून देतात. ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही. बंदीच्या आधीच नक्कल बाजारात होती. खरी अडचण शेतकऱ्यांची होती. ऑरेगन राज्यातल्या रॉयल अ‍ॅन चेऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या की लिबलिबीत व्हायच्या. तिथल्या कृषी महाविद्यालयातल्या अर्नेस्ट वीगंड नावाच्या प्राध्यापकांनी १९२५च्या आसपास प्रयोग सुरू करून त्यावर उपाय काढला. पाण्यात कॅल्शियमचे क्षार घातले की फळ घट्ट राहतं. शेतकऱ्यांचा माल खपला, गावं तगली. प्राध्यापकांनी आपलं काम चोख केलं, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

पण एकूण कृती पाहा. चेऱ्या आधी गंधकाचा वायू आणि कॅल्शियम मिसळलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे बुडवायच्या. त्यांचा रंग जातो, चव जाते, वास जातो. मेणाच्या मण्यांसारख्या फिकट होतात. मग बी काढायची, रंग घालायचा, साखर घालायची, बदामाचा वास घालायचा. थोडक्यात, चेरीतली चेरी काढून घ्यायची आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाजारातली चेरी भरायची. आमच्या एका शाळेत मुलांना शिक्षण देण्याची हीच पद्धत होती.

रंगाची कथा तर त्याहून बहारीची. अमेरिकेत 'तांबडा क्रमांक ४' नावाचा एक रंग होता. १९६५ साली खाण्याच्या इतर सगळ्या पदार्थांतून त्याला हद्दपार केलं आणि फक्त मॅराशिनो चेरीत राहू दिलं. कारण काय, तर ही वस्तू शोभेची आहे, अन्न नव्हे! शेवटी १९७६ साली तिथूनही तो गेला. मग 'तांबडा क्रमांक ३' होताच. त्याची परवानगी अमेरिकन सरकारनं २०२५च्या जानेवारीत काढून घेतली आणि कारखानदारांना आवरासावर करायला २०२७पर्यंत मुदत दिली. २०१० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पाळलेल्या मधमाश्यांनी लाल भडक मध दिला होता. माश्या फुलांवर जायचं सोडून जवळच्या चेरीच्या कारखान्यात पाक चाटायला जात होत्या. मधमाशीसुद्धा फसते म्हटल्यावर आपण कोण?

अमेरिकेत हे रंगकाम चाललं होतं त्याच काळात झादरवर मात्र काळ आला. १९४३च्या नोव्हेंबरपासून जवळजवळ वर्षभर दोस्त राष्ट्रांची विमानं त्या चिमुकल्या गावावर बाँब टाकत होती. गाव जवळपास भुईसपाट झालं. लुक्सार्दोंचा कारखाना पडला, घरातली माणसं मारली गेली. युद्धानंतर गाव युगोस्लाव्हियात गेलं, आणि इटालियन कुटुंबं जीव घेऊन समुद्रापलीकडे पळाली. त्यांत जॉर्जो लुक्सार्दो होते. त्यांनी १९४७ साली इटलीत पादोवाजवळ तोरेल्या या गावी पुन्हा भट्टी लावली. पण भट्टी लावून काय करणार? मरास्काची झाडं तर मागेच राहिलेली. तेव्हा फ्लॉरेन्स विद्यापीठातले मोरेत्तिनी नावाचे एक प्राध्यापक कामी आले. त्यांच्याकडे युद्धापूर्वीची मरास्काची रोपं जतन केलेली होती. त्या रोपांवरून तोरेल्याच्या टेकड्यांवर बागा उभ्या राहिल्या. चेरीच्या इतिहासात दोन प्राध्यापक आहेत, एकानं नकलेला बळकटी दिली आणि दुसऱ्यानं अस्सलाचं बी वाचवलं. दोघांनाही चेरीच्या पेल्यातून किती मिळालं असेल ते प्राध्यापकांचे पगार माहीत असणाऱ्यांनी ताडावं.

इकडे झादरमध्ये उरल्यासुरल्या कारखान्यांतून नवा कारखाना झाला, त्याचं नाव मरास्का. म्हणजे खरी माती एकीकडे आणि खरं घराणं दुसरीकडे. कोणाची चेरी अस्सल? असले वाद आपल्याला नवे नाहीत. कराची हलवा मुंबईत मिळतो, आणि तो नकली आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. ज्यानं घरदार गमावून पाकाची कृती तेवढी डोक्यात सांभाळून आणली त्याला मी तरी दाखला मागणार नाही. आणि जो पडझडीत मागे राहिला त्यालाही नाही.

एवढं ज्ञान डोक्यात घेऊन मी आमच्या भागातल्या एका दुकानात शिरलो. "चेरी आहे?" दुकानदारानं प्लॅस्टिकची बरणी पुढे सरकवली. आत लाल दिव्यासारखे गोळे. "काका, एकदम ए-वन. केकवर हीच लावतात, पानात हीच." मी चष्मा पुसला आणि बरणीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. घटक पहिला: करोंदा.

करवंद हो! आपलं करवंद! मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांतल्या केकवर, आइस्क्रीमवर, मघई पानाला टोचलेल्या काडीवर लहानपणापासून आपण जी चेरी खात आलो ती पुष्कळदा करवंदच असते. कच्ची करवंदं घ्यायची, बी काढायची, मिठाच्या पाण्यात ठेवून आंबटपणा आणि चीक घालवायचा, रंगवायची, आणि चढत्या घट्टपणाच्या पाकात मुरवायची. म्हणजे ऑरेगनचीच वाट. "हे करवंद आहे," मी म्हणालो. "काका, चेरी म्हणूनच जातं ते," दुकानदार म्हणाला. मला राग दुकानदाराचा आला नाही. वाईट वाटलं ते करवंदाचं. घाटात उन्हाळ्यात पळसाच्या पानांच्या द्रोणात 'डोंगरची काळी मैना' म्हणून जी बाई हे फळ विकते, ती निदान त्याचं नाव तरी घेते. नेपोलियनची राणी झाली ती चिठ्ठी हरवून. आमच्या मैनेची चिठ्ठी तर बरणीच्या पाठीवर छापलेली असूनही कोणी वाचत नाही.

तर चांगली चेरी ओळखायची कशी? बाटली उजेडाकडे धरा. चांगल्या चेरीचा पाक दाट आणि काळसर असतो, जांभळाच्या जवळचा, आरपार काही दिसत नाही. सिग्नलसारखं लाल लकाकलं तर ठेवून द्या. मग घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. चेरी, साखर, चेरीचा रस, इतपत असेल तर ठीक. आकडे दिसू लागले की सावध व्हा. १२७ आणि १२९ हे तांबडे रंग, २२० म्हणजे गंधकाचा तो वायू. देठ असणं म्हणजे उत्तम माल, असा एक समज आहे. तो खोटा. देठाची सोय धरायला होते, चवीला नाही. उलट मॅराशिनोचेच देठ फार डौलदार असतात. दाताखाली चेरी आधी किंचित अडावी आणि मग विरघळावी. रबरासारखी कचकन तुटली तर तो कॅल्शियमचा प्रताप. किंमत पाहून मात्र दचकू नका. अस्सल बाटलीच्या किमतीत तीन किलो चांगली सुरमई येते, असं आमच्या सौ.चं मत पडलं, पण एका पेल्याला चेरी एकच लागते, आणि सुरमई एक तुकडा खाऊन कोणी उठत नाही.

बाटली उघडल्यावर नियम लोणच्याचा, चमचा कोरडा हवा. घट्ट पाकाची चेरी फ्रीजमध्ये ठेवू नये, पाकाची साखर बसते. घरीच करायची असेल तर मेअखेरीपासून जुलैपर्यंत बाजारात काश्मीरची चेरी येते. त्यातली 'मिश्री' जात घट्ट असते, ती घ्यावी. बी काढावी, साखरेच्या पाकात लिंबू पिळून एक कढ द्यावा, कारण आपली चेरी गोड आणि मरास्काचा सगळा जीव आंबटपणात. निवल्यावर ब्रँडी किंवा परवडत असेल तर खरं मरास्कीनो घालून काचेच्या बाटलीत भरावं. ही हलक्या पाकाची चेरी मात्र फ्रीजमध्येच ठेवावी. आणि बिया कुटून घालायचा उत्साह कोणी दाखवू नये, त्यांच्या गरात विष असतं.

आणि एप्रिल-मेमध्ये घाट उतरताना काळी मैना दिसलीच, तर एक द्रोण जास्त घ्यावा. पूर्ण पिकलेली, काळी, टचटचीत करवंदं. रंग घालू नये, बी काढू नये, साखरेच्या पाकात एक कढ तेवढा द्यावा. आंबटपणात ती मरास्काच्या फार जवळ जातात असं माझं मत आहे, आणि व्हिस्कीखाली ती बेकरीतल्या आपल्याच रंगवलेल्या बहिणीपेक्षा कितीतरी शोभून दिसतात. आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतात. पेल्यात टाकताना 'हे करवंद आहे' असं पाहुण्यांना सांगून टाकावं. बिया चावाव्या लागतात आणि चिकानं ओठ जरा चिकटतात, पण रात्री साडेअकरानंतर काही पाहुण्यांच्या बाबतीत ती सोयच ठरते.